आमच्याकडे उगवलं नाही

सुमनताई भालेरावांशी माझं पहिलं भांडण एका शब्दावरून झालं, आणि ते आम्ही दोघांनी मिळून चांगली बारा वर्षं पुरवून वापरलं.

शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे. मी तिथे रेकॉर्डला होतो, अजूनही आहे. ताई लॅबमध्ये होत्या. दर बुधवारी कल्याणहून कानाचे डॉक्टर यायचे आणि त्या दिवशी आमचा व्हरांडा कान वाहणाऱ्या पोरांनी भरून जायचा. शेणव्याची, डोळखांबकडची, मुरबाडच्या पाड्यांवरची पोरं. सर्दी कानात उतरते, पडद्यामागे पू साठतो, पडदा फाटतो आणि कान वाहायला लागतो. आपल्याकडे त्याला कान फुटणं म्हणतात आणि दुधाचे दात पडण्याइतकंच ते साधं समजतात. डॉक्टर कापसाच्या काडीवर आतला पू घ्यायचे आणि ती काडी ताईंकडे जायची. हा पू कोणत्या जंतूने केला आणि तो जंतू कोणत्या औषधाने मरतो, हे शोधायचं काम ताईंचं. त्यांनी लिहायचं, मी टाइप करायचं.

दवाखाना काढणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी एक नियम घालून ठेवला होता. इंग्रजी रिपोर्ट डॉक्टरांसाठी, आणि सोबत मराठीत चार ओळींची चिठ्ठी पेशंटसाठी. माणसाच्या अंगात काय चाललंय ते त्या माणसाला कळलं पाहिजे, असं ते म्हणायचे. चिठ्ठीचा मजकूर ताई पेन्सिलीने लिहून माझ्या टेबलावर ठेवायच्या. मी लागलो त्याच्या पहिल्याच आठवड्यात एक मजकूर आला: 'आमच्याकडे उगवलं नाही.'

मी तो कागद घेऊन लॅबच्या दारात गेलो. माझा स्वभाव असा की चुकलेला शब्द दिसला की मला दातात अडकलेल्या सुपारीसारखं होतं.

"ताई, उगवलं नाही ते समजलं. इंग्रजीत नो ग्रोथ आहे. पण हे आमच्याकडे कुठून आलं?"

उत्तर नाही. त्या खाली मान घालून ज्योतीवर तार लाल करत होत्या. मी पुन्हा विचारलं. पुन्हा उत्तर नाही. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला, तेव्हा त्यांनी अख्खी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"ओरडू नका निचिते भाऊ. प्लेटी उघड्या हायत." मग कागद पाहून म्हणाल्या, "तुमच्या घरी शेती हाय ना? राबात भात पेरलं आन् उगवलं नाय, तर बी मेलेलं व्हतं असं लगेच बोलता का तुमी? पाणी कमी पडलं असल. पाखरांनी खाल्लं असल. आपल्या राबात उगवलं नाय, एवढंच आपल्याला ठाव. तेवढंच लिवायचं."

"रिपोर्टात राब कुठे आणता ताई? लोक हसतील."

"मग आमच्याकडे काढून टाका. पण त्याच्याखाली माझी सही नको."

सही त्यांचीच लागायची, त्यामुळे शब्द राहिला. मी तो पुढे शेकडो वेळा टाइप केला, आणि प्रत्येक वेळी तोंडातल्या तोंडात पुटपुटून केला. गंमत अशी की पाड्यांवर त्या शब्दाला हळूहळू वेगळाच अर्थ आला. 'आमच्याकडे उगवलं नाही' अशी चिठ्ठी आली की ताई पुन्हा काडी घेणार, हे बायकांना पाठ झालं. "आमच्याकडे आलंय, म्हंजे परत जायला लागल," असं त्या बसमध्ये एकमेकींना सांगायच्या.

ताई गर्विष्ठ आहेत असं मी जवळजवळ दोन वर्षं धरून चाललो होतो. लॅबला लागून माझं टेबल, मधे नुसतं अर्धं पार्टिशन, पण सकाळी नमस्कार केला तर बाई बघायच्याही नाहीत. मग मीही बंद केला. एक दिवस ड्रेसिंगच्या सिस्टर मला म्हणाल्या, अहो, त्यांना डाव्या कानाने ऐकूच येत नाही, लहानपणी फुटला होता, तुम्ही नेमके डावीकडे बसता. दुसऱ्या दिवशी मी माझं टेबल ओढत ओढत पलीकडच्या भिंतीला नेलं. ताईंनी विचारलं, का हो? मी म्हणालो, इथे पंख्याचा वारा लागत नाही.

"तिकडं तर पंखाच नाय," ताई म्हणाल्या आणि कामाला लागल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर चहा आला.

चहाचंही सांगून टाकतो. तोवर मी लॅबमधला चहा पीत नव्हतो. तिथे पू असतो, जंतू असतात, असं मी सगळ्यांना सांगायचो आणि स्वतःलाही. ताई चहा लॅबमध्ये नाही, मागच्या ओट्यावर करायच्या, हे मला दिसत होतं. तेव्हा माझ्या न पिण्याचं कारण जंतू एवढंच नव्हतं. माझं घर गावात, त्यांचं घर गावाबाहेरच्या वस्तीत, आणि काही गोष्टी आपण कुणी न शिकवता शिकलेल्या असतो. त्या दिवशी मी तो चहा प्यालो. आलं फार होतं.

दिसायला ताई बुटक्या, सावळ्या, चालणं भरभर. पांढरा कोट रोज घरी नेऊन धुवायच्या, दवाखान्याच्या धोब्यावर त्यांचा विश्वास नव्हता. खिशात दोन पेन्सिली, एक टोक केलेली आणि एक करायची. कुडी एकाच कानात, डाव्या. उजवा कान मोकळा. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "कामाच्या कानाला वझं कशाला? हा बसूनच असतो, हा मिरवू दे."

लॅब म्हणजे दहा बाय बाराची खोली. रक्त मिसळलेल्या जेलीच्या लाल प्लेटी, त्यावर तारेने त्या पुवाच्या रेघा ओढायच्या, लावणीच्या ओळींसारख्या आधी दाट, मग विरळ. मग प्लेट उबेच्या पेटीत. दुसऱ्या दिवशी रेघांवर ठिपके धरलेले असत. कानातल्या काही जंतूंना मोकळी हवा मानवत नाही, त्यांच्यासाठी ताई एका रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत प्लेटी रचून वर मेणबत्ती पेटवायच्या आणि झाकण घट्ट लावायच्या. ज्योत आतली हवा खाऊन जरा वेळाने आपोआप विझायची, आणि त्या उरलेल्या हवेत ते जंतू सुखाने वाढायचे. बरणी मुळात कुणाच्या तरी घरची होती. तिच्यावर ताईंच्या अक्षरात चिकटवलेलं होतं: 'लोणचं नव्हे.'

प्लेटीचा वास घ्यायचा नाही, असा भिंतीवर बोर्ड होता. तो ताईंनीच लावला होता, आणि आपल्याकडे कुणी बघत नाही असं वाटलं की त्या हळूच झाकण तिरकं करून वास घ्यायच्या. एक जंतू हिरवट रंग सोडतो आणि त्याला गोडसर, नासक्या द्राक्षांचा वास येतो. "हिरवा आला," असं त्या म्हणाल्या की प्लेटीवर ठेवायच्या औषधांच्या चकत्या काय करणार ते तपासायच्या आधीच त्यांचा चेहरा पडायचा, कारण हिरवा जंतू साध्या औषधांना दाद देत नाही.

पण त्यांचं खरं वैर होतं ते धुतलेल्या कानाशी.

दवाखान्यात न्यायचं म्हणजे पोर स्वच्छ दिसलं पाहिजे, ही आमच्याकडच्या बायांची रीत. पाहुण्यांकडे जाताना नाक पुसतात, तसा त्या कान पुसायच्या. पहाटे उठून कोमट पाण्याने कान धुवायच्या, पदराचं टोक पिळून आतपर्यंत घालायच्या, वर तेलाचा बोळा लावायच्या. आणि वाहत्या कानाचं पोर असं लखलखीत करून ताईंपुढे उभं करायच्या. काडीवर यायचं काय, तर तेल. ताई कळवळून म्हणायच्या, "अगो बाय, मला तुझी घाणच पायजे."

आधी कानात काय घातलं होतं, हे कळणंही गरजेचं असायचं. पण ते विचारलं की सगळ्या बायका एकजात सांगायच्या, "काय नाय." एका बुधवारी ताई वैतागून व्हरांड्यात आल्या आणि बाकावर त्यांच्यातच बसल्या. डावा कान पुढे करून म्हणाल्या, "ह्या कानात माझ्या आयने पयलं लसणीचं तेल घातलं. मग शेजारणीला तान्हं व्हतं, तिचं दूध घातलं. मग रुईच्या पानाचा रस. मग कुणी बोललं शेळीचं मूत घाला, तेपण घातलं. आता बोला, तुमी काय घातलंत?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "आमी बाकी सगळं घातलं. शेळी तेवढी मेली व्हती."

व्हरांडा हसला आणि मग याद्या सुरू झाल्या. ताई गुडघ्यावर वही ठेवून लिहीत होत्या. माझी आयही हेच सगळं घालायची, हे मला त्या दिवशी आठवलं.

आपल्या वडलांची गोष्ट त्यांनी मला फक्त एकदाच सांगितली. ताईंच्या आजोबांनी गावाची मेलेली ढोरं ओढली होती. घरादाराने धम्म घेतला तेव्हा ते काम कायमचं सोडलं, पुन्हा त्या वाटेला जायचं नाही अशी घरात शपथ होती. वडलांनी मजुरी करून मुलीला शिकवलं. आणि मुलगी लॅबला लागली, लोकांच्या कानातला पू घेऊन बसायला लागली. "आमी घाण सोडली, आन् तू शिकूनसवरून परत तिच्यात हात घातलास," असं म्हणून ते दोन-तीन महिने तिच्याशी बोलले नाहीत. मग एका रविवारी ताईंनी त्यांना लॅबमध्ये आणून मायक्रोस्कोपसमोर बसवलं. म्हातारबाबांनी डोळा लावला तो काढेचनात.

"एवढंसं हाय हे?"

"हो."

"आन् एवढ्याशाने माणूस बहिरा होतो?"

"मी झाले ना."

"कोनाचं घर कुठलं, ते बघून येतो का हा?"

"नाय."

म्हातारबाबा उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "मग बघ त्याच्याकडं. नीट बघ." त्यानंतर त्यांनी त्या कामाला कधी नावं ठेवली नाहीत. हे सांगताना ताईंचा आवाज बदलला नाही, पण चहा मात्र त्यांनी गार होऊ दिला.

आता वनिता. तिचं सांगायचं म्हणजे माझं सांगायला लागेल, आणि ते मला फारसं आवडत नाही.

डोळखांबच्या वर एका पाड्यावरची नऊ वर्षांची पोर. भातकापणी उरकत आली होती, तेव्हा एका बुधवारी आई हिराबाई आणि बाप काळुराम तिला घेऊन आले. उजवा कान वर्षभर वाहत होता. दोनदा थेंब झाले, गोळ्या झाल्या, कान काही सुकेना. शाळेत गुरुजींनी तिला ठोंब ठरवून मागे बसवलं होतं. डॉक्टरांनी कानात बघून आईबापाला स्पष्ट सांगितलं, हा असाच वाहत राहिला तर आतली नाजूक हाडं खाल्ली जातील आणि हा कान जाईल, आजार आणखी पसरलाही तर नवल नाही. कशाने होतंय ते शोधलंच पाहिजे. काळुराम म्हणाला, लवकर शोधा, चार दिवसांनी आम्ही भट्टीवर जाणार. कापणी झाली की तिकडची पुष्कळ घरं पोराबाळांसकट वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात.

हिराबाईने कान धुऊन आणला होता. ताईंनी कपाळाला हात लावला. तरी जे निघालं ते घेतलं आणि आईला प्रश्न विचारत बसल्या.

"दुखतो का?"

"नाय. दुखत नाय. नुसता गळतो."

ताईंची पेन्सिल थांबली. "वर्षात एकदापण दुखला नाय? रडली नाय पोर?"

"नाय बोलली ना ताई. ती कानासाठी कदी रडली नाय."

ताईंनी वनिताच्या कानाखाली, मानेवर बोटं फिरवली. कुठेतरी गाठ लागली असावी. मग त्यांनी प्लेट तर लावलीच, पण काडीवर उरलेल्या पुसट ओलाव्याची एक जादा काच करून, वाळवून डबीत ठेवली. डबीवर पेन्सिलीने लिहिलं: 'दुखत नाही.' ते लिहिताना मी पाहिलं, आणि दुखत नाही हे काय लिहिण्यासारखं आहे, असं मनात म्हणालो.

शुक्रवारी त्यांनी प्लेट पाहिली, चिठ्ठीचा मजकूर माझ्या टेबलावर ठेवला आणि भाचीच्या लग्नाला मुरबाडला गेल्या. मजकूर नेहमीचाच. आमच्याकडे उगवलं नाही.

नेमकं त्याच महिन्यात आमच्याकडे कॉम्प्युटरची नवी पद्धत आली होती. चिठ्ठीची वाक्यं आत ठरवूनच दिलेली, आपण फक्त निवडायची. 'जंतू उगवले नाहीत' असं एक वाक्य होतं, शुद्ध आणि सुटसुटीत. 'आमच्याकडे' घालायला जागाच नव्हती. मला खोटं बोलायचं नाही, मला आनंद झाला. बारा वर्षांची कटकट मिटली. ताईंची सहीही आता चिठ्ठीवर आपोआप छापून येत होती. मी निवडलं, छापलं, आणि एवढ्याशा शब्दावाचून काय आकाश कोसळणार आहे, असं म्हणालो.

शनिवारी काळुराम आला. चिठ्ठी हातात घेऊन अक्षर अक्षर लावत वाचली. "यात आमच्याकडे नाय," तो म्हणाला.

"आता नसतं ते."

"म्हंजे परत यायचं नाय ना? काय नाय ना कानात?"

"काही उगवलं नाही. चांगलंच आहे की," मी म्हणालो.

त्याने चिठ्ठी घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घातली. "मग उद्या निघतो," म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी हलकं वाटल्यासारखा हसला.

सोमवारी ताई आल्या. वनिताला कधी बोलावलंय, त्यांनी विचारलं. मी मोठ्या उत्साहाने नवी पद्धत दाखवली. त्यांनी पडद्यावरची ती चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली. मी भांडणाच्या तयारीत होतो.

"गेली का ती लोकं?" एवढंच त्यांनी विचारलं.

"गेली."

त्या आत गेल्या आणि डबीतली ती काच काढली. तिच्यावर लाल रंग ओतला, खालून आच दिली, वाफ येऊ लागली की थांबायच्या, पुन्हा आच द्यायच्या. मग ॲसिडने धुतलं. ॲसिडने बाकी सगळ्यांचा लाल रंग निघून जातो, एकच जंतू तो धरून ठेवतो. वरून निळा रंग दिला आणि डोळा लावून बसल्या. जेवायची सुट्टी झाली, डबा तसाच. चार वाजायला आले तेव्हा त्यांनी मला हाक मारली. "या, बघा."

मी पाहिलं. सगळीकडे निळं, आणि निळ्यात एक बारीक लाल रेघ, तुटलेल्या केसाएवढी.

"अशा तीन सापडल्या. टीबी हाय कानात."

"टीबी छातीचा असतो ना?"

"कुठंपण होतो. कानाचा झाला तर कान बहुतेक दुखत नाय, नुसता वाहतो. आन् आपल्या प्लेटीवर तो दोन दिवसांत उगवत नाय. त्याचं खाद्य येगळं, त्याला कैक आठवडे लागतात. आपण त्याला कितीपण थेंब घातले असते ना भाऊ, तो हललापण नसता." मग काचेकडे बघत म्हणाल्या, "म्हणून आमच्याकडे लिवायचं असतं."

त्यांनी मला यापेक्षा एकही शब्द जास्त ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तीन रेघांवर एवढ्या महिन्यांची औषधं सुरू करता येणार नाहीत, ताजा पू पाहिजे, सरकारी केंद्रातल्या मशीनवर खात्री करून घेऊ, पण पोरीला शोधा आणि उशीर करू नका. काळुरामचा फोन बंद. पाड्यावर निरोप धाडला तर कळलं, मुरबाडच्या पुढे कुठल्याशा भट्टीवर गेलेत. कुठली ते कुणालाच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि मोटरसायकल काढली. ताई मागे बसल्या, कापसाच्या काड्यांचा डबा मांडीवर. वाटेत मी काहीतरी माफीसारखं बोललो. वाऱ्यात त्यांना ऐकू गेलं नसावं. की गेलं असावं, मला अजून माहीत नाही.

पहिल्या भट्टीवर नव्हते. दुसऱ्या भट्टीवरच्या मुकादमाने पाड्याचं नाव ऐकून आणखी पुढे बोट दाखवलं. तिसऱ्या भट्टीवर हिराबाई माती तुडवत होती. वनिता वाळत घातलेल्या विटा उलट्या करत होती, आणि तिच्या मागून आई हाका मारत होती त्या तिला पोचत नव्हत्या. ताई हे बघत क्षणभर उभ्या राहिल्या.

काळुराम हात पुसत आला. आम्हाला बघून घाबरला. ताईंनी सगळं सांगितलं. त्याने आत खोपटात जाऊन ती प्लास्टिकची पिशवी आणली, घडी उलगडली आणि माझ्यापुढे धरली. "तुमीच बोललात ना, चांगलं हाय?"

त्याचा आवाज चढला असता तर मी काही बोललो तरी असतो. तो खरंच विचारत होता.

"आमच्याकडे उगवलं नव्हतं, दादा," ताई म्हणाल्या. "चिठ्ठीत तेवढं लिवायचं राहिलं. चूक आमची हाय. म्हणून आमीच आलो."

आमची, म्हणाल्या. मी बाजूलाच उभा होतो, बोट दाखवायला जागा होती. बारा वर्षं मी ज्या शब्दाला नावं ठेवली, त्याच शब्दाच्या आडोशाला त्यांनी मला उभं केलं.

त्यांनी काडी बाहेर काढली तशी हिराबाई पुढे झाली. वनिताच्या कानावर मातीचा थर, त्यातून ओघळ आलेला. आईने सवयीने पदराचं टोक पिळलं. ताईंनी तिचा हात वरच्या वर धरला.

"नको गो. ऱ्हाऊ दे तसाच."

कानाच्या पाळीला न लागता काडी आत गेली आणि या वेळी भरून आली.

मशीनने खात्री दिली. औषधं भट्टीवरच पोचती व्हायची, पुढे पाड्यावर, कित्येक महिने. ताई दर महिन्याला एकदा जाऊन यायच्या, आणि पोर गोळीचं तोंड वाकडं करते की नाही ते बघायच्या. "वाकडं करते म्हंजे घेते," असा त्यांचा हिशेब होता. वनिताचा आजा वर्षभर खोकत होता, त्यालाही त्यांनी तपासायला लावलं. पावसाळ्यापर्यंत कान सुकला. पण डॉक्टरांनी ऐकण्याची तपासणी केली तेव्हा उजव्या कानाचं बरंचसं गेलेलं निघालं. डावा शाबूत होता. ते आधीच गेलं होतं की माझ्या त्या चार-पाच दिवसांत गेलं, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एवढ्या दिवसांत तसा फरक पडत नाही. ताई शेजारी होत्या. त्या म्हणाल्या, "पावसाळ्यापर्यंत तसंच ऱ्हायलं असतं तर पडला असता." खरं तेवढंच बोलायचं, कमी नाही आणि जास्त नाही, ही त्यांची खोड होती.

कॉम्प्युटरवाल्यांना मी तीनदा लिहिलं. त्यांनी तो शब्द काही घातला नाही. मग मी शहापूरच्या बाजारातून 'आमच्याकडे' असा रबरी शिक्का करून आणला. न उगवलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर वाक्याच्या आधी तो जांभळ्या शाईत मारतो. थोडा तिरका येतो. पहिली चिठ्ठी ताईंना दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाल्या, "शाई जास्त होते." गेल्या वर्षी त्या रिटायर झाल्या. निरोपाच्या भाषणात मी पुष्कळ काही बोलणार होतो. पण त्यांची खुर्ची नेमकी अशी ठेवलेली होती की बोलणारा त्यांच्या डाव्या कानाकडे येत होता, आणि मी खुर्ची बदलायला लावेपर्यंत माझी पाळी निघून गेली.

गेल्या महिन्यात शहापूरच्या एसटी स्टँडवर त्या मला दिसल्या. दुपारची वेळ, डोळखांबची गाडी लागायची होती. ताई बाकावर, शेजारी शाळेच्या कपड्यात एक उंच पोर. वनिताला मी आधी ओळखलंच नाही. आता ती आश्रमशाळेत असते, सहावीत. दोघी बोलायला लागल्या आणि ताई एकदम उठल्या, पिशवी उचलली, वनिताच्या पुढून वळून बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. ऊन लागत असेल असं मला वाटलं. पण ऊन तर त्या नव्या जागेवरच होतं. मग माझ्या लक्षात आलं. ताईंचा उजवा कान चांगला आणि वनिताचा डावा. तसं बसल्यावर दोन्ही चांगले कान एकमेकींकडे आले.

मी जवळ गेलो आणि हाक मारली, "ताई." नेमका डावीकडून. मला त्यांची कुडी तेवढी दिसत होती. त्यांनी मान वळवली नाही. मी दुसरी हाक मारली नाही. वनिता अगदी हळू आवाजात काहीतरी सांगत होती, आणि ताई ऐकत होत्या.